पुढच्या सोमवारपर्यंत

तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीचा बाजार सोमवारचा. गुडीहतनूरहून उटनूरला जाणारा रस्ता त्या दिवशी सकाळपासून गजबजतो. आसपासच्या गुड्यांवरून गोंड, कोलाम, परधान येतात, तांड्यांवरून लमाण येतात, आणि नांदेड-यवतमाळकडून येऊन इथे रुजलेली मराठी कुटुंबं येतात. तेल-मीठ, बियाणं, चपला, सोयरिकीची बोलणी, बँकेतलं काम, सगळं त्याच एका फेरीत उरकायचं असतं. दवाखानाही त्याच फेरीत. २० एप्रिल १९८१ रोजी गिरिजन रयतु कुली संघम या आदिवासी शेतकरी-मजुरांच्या संघटनेची सभा इथे ठरली होती, तो दिवसही सोमवारच होता. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या आदिवासींचा स्तूप आजही इथे उभा आहे. इथली माणसं काळ मोजतात तो बाजारावर. "दोन बाजार झाले, पायाला जखम आहे," असं सांगतात आणि "पुढच्या बाजारी येतो," म्हणून निघतात.

मी या भागात एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, म्हणून काम करते. माझं माहेर किनवट तालुक्यातलं. मराठी घरची, तेलुगू सरकारी कागदांमुळे आली, आणि गोंडी काम करता करता कानावर पडून थोडीफार शिकले. लसीकरण, बाळंतपण, हिवताप ही कामं आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेली असतात. मधुमेह आणि बीपीचं काम नंतर वाढलं, आणि ते वेगळ्या तऱ्हेचं निघालं. हिवताप काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. शुगर जन्मभर सोबत राहते, आणि तिच्यावरचा बराचसा इलाज दवाखान्याबाहेर, चुलीजवळ आणि शेतात चालतो. तिथे आम्ही नसतो. त्यामुळे माणूस स्वतः काय करू शकेल हे त्याच्याच तोंडून ठरवून घेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग झाला. आता आम्ही एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पाळता येईल अशी एकच गोष्ट ठरवतो. ती लहान असते. पण नेमकी असते, आणि ठरवलेली त्या माणसाने स्वतः असते.

इथे शुगरचं निदान सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाई, मी तर गोड खातच नाही. मले शुगर कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. समोर बसलेला माणूस सडपातळ असतो, उन्हात राबणारा असतो. शुगर म्हणजे पोट सुटलेल्या, खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाचा आजार, असं त्याने ऐकलेलं असतं. अशा वेळी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम फार उपयोगी पडतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. भारतीय बाळ वजनाने कमी भरतं, पण त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तो फोटो मी मोबाइलवर दाखवते. दोन सडपातळ माणसं शेजारी उभी आहेत, आणि आतून वेगळी आहेत. एवढं पाहिलं की "मी बारीक आहे, मला होणार नाही" हा समज सैल होतो.

आईच्या पोटातली उपासमार, नंतर बदललेलं ताट, घराण्यातला आजार, अशी कारणं एकावर एक चढत जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला आजार आहे का, एवढं विचारतात. त्यातून ज्यांची नावं निघतात त्यांतले कितीतरी जण पहिल्यांदाच बोटातून रक्त देत असतात.

शुगर निघाल्यावर पूर्वापार दिला जाणारा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, रोज तासभर चाला, टेन्शन घेऊ नका, वजन उतरवा. यातलं बरंचसं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण हे सगळं एकदम ऐकलेला माणूस घरी जाऊन यातलं काहीच करत नाही, किंवा चार दिवस सगळं करतो आणि पाचव्या दिवशी सगळंच सोडतो. मग पुढच्या वेळी रागावतील म्हणून दवाखान्यात यायचंही टाळतो. गोळ्या संपतात, भेट तुटते. भेट तुटणं हे मला वाढलेल्या शुगरपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण त्यानंतर आम्हाला तो माणूस दिसतो तो पाय सुजून काळा पडल्यावर.

म्हणून बोलण्याची रीत बदलावी लागते. "शुगर २०० च्या खाली आणा" हे उद्दिष्ट म्हणून उपयोगाचं नाही. आकडा माणसाच्या हातात नसतो. त्यावर जेवण, गोळी, झोप, ताप, काळजी या सगळ्यांचा परिणाम होतो. हातात असते ती कृती. "रात्री जेवण झालं की गल्लीच्या टोकाच्या हापशापर्यंत दोनदा जाऊन यायचं" ही कृती आहे. ती झाली की नाही, हे माणसाला स्वतःला कळतं. त्यासाठी दवाखान्याची, रक्त तपासायच्या पट्टीची, कुणाच्या शाबासकीची गरज लागत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम उभा केला. त्यात आठवड्याचा बेत ठरवण्याची एक साधी पद्धत आहे. गोष्ट रुग्णाला स्वतःला करावीशी वाटणारी हवी. काय करणार, किती, केव्हा, आठवड्यातून किती वेळा, हे चारही ठरायला हवं. आणि शेवटी विचारायचं, हे जमेल याची शून्य ते दहापैकी किती खात्री आहे? उत्तर सातपेक्षा कमी आलं तर माणसाला दोष द्यायचा नाही, बेत लहान करायचा. आमच्याकडे शून्य ते दहा असं तोंडी विचारलं की लोक बाईला बरं वाटावं म्हणून "दहा" म्हणतात. म्हणून मी दहा चिंचोके चटईवर ठेवते आणि म्हणते, "जेवढी खात्री तेवढे उचला." हात पुढे येतो, थबकतो, आणि चार-पाच उचलून थांबतो. तिथे खरं बोलणं सुरू होतं. "बाकीचे का राहिले, मावशी?" "सून रागवंल." "रात्री कुत्री असतात." "शेतावर जागलीला जावं लागतं." अडचण कळली की बेत बदलता येतो. संध्याकाळी जमत नसेल तर सकाळी, रोज जमत नसेल तर चार दिवस. पुन्हा चिंचोके पुढे करते. सात-आठ उचलले गेले की तोच त्या आठवड्याचा बेत.

चहापासून सुरुवात करणारे बरेच असतात. घरी दोनदा, शेतावर एकदा, कुणाकडे गेलं की एकदा, असा दिवसाला चार वेळा चहा होतो, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा असं सुचवते. हा हिशेब मांडून दाखवला की "मी गोड खात नाही" म्हणणारे स्वतःच गप्प होतात. एकदम बिनसाखरेचा चहा प्यायला सांगितलं तर कुणी ऐकत नाही. घरचा एक कप अर्ध्या चमच्यावर आणायचा, बाकीचे तसेच राहू द्यायचे, इथून सुरुवात होते. जिभेला थोड्या आठवड्यांत सवय होते, मग दुसरा कप. पाहुण्यांकडचा चहा सगळ्यांत शेवटी, कारण तिथे प्रश्न साखरेचा नसून मानाचा असतो.

ताटाचं बोलणं जास्त अवघड आहे, कारण ताटामागे शेत आणि रेशन दोन्ही आहेत. या डोंगराळ भागात जुनं खाणं ज्वारीचं. भाकर, कण्यांचा गटका, आंबील, सोबत तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. शेतात कापूस आणि सोयाबीन वाढत गेलं तशी घरची ज्वारी कमी झाली आणि तिची जागा तांदळाने घेतली. तेलंगणात रेशनवर माणशी महिन्याला ६ किलो तांदूळ मिळतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला ३० किलो, म्हणजे दिवसाला एक किलो. हा तांदूळ गरिबाच्या घरातली भूक भागवतो. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. पण पिवळं वरण आणि डोंगराएवढा भात अशा ताटाने शुगर चढते, हेही खरं आहे. "भात सोडा" असं मी म्हणत नाही. "आधी भाजी आणि वरण खा, भात शेवटी घ्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना पळीभर कमी घ्या," एवढंच सुचवते. भाजी-वरण पोटात आधी गेलं की भाताची साखर रक्तात हळू उतरते. दिवसातून एक वेळ भाकर परत आणता आली तर चांगलंच. मात्र ज्वारी हे औषध आहे, ती कितीही खाल्ली तरी चालते, हा समजही काढावा लागतो. भाकरीनेही शुगर वाढते. तीन भाकरींच्या जागी दोन भाकरी आणि वाटीभर जास्त भाजी, हा हिशेब महत्त्वाचा.

चालण्याच्या बाबतीत शहरासाठी लिहिलेला सल्ला इथे सर्वांत जास्त फसतो. नोव्हेंबर ते जानेवारीत कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून चालत असते. तिला "रोज अर्धा तास चाला" म्हणणं म्हणजे तिचे कष्ट न पाहणं. त्या दिवसांत तिचं उद्दिष्ट वेगळं असतं. पहाटे उठून चहा पिऊन शेतात जाणं, सकाळची गोळी घेतलेली, आणि जेवण थेट दुपारी, हा धोक्याचा रस्ता आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं आणि वर मेहनत झाली की शुगर खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बरळतो. इतरांना वाटतं ऊन लागलं, नाहीतर दारू चढली. म्हणून वेचणीच्या हंगामात ठरतं ते असं, की आधी भाकर, मग गोळी, मग शेत; आणि पदराच्या गाठीत साखर किंवा गूळ. थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं सावलीत बसायचं, बरं वाटलं की लगेच काहीतरी खायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, त्याला लगेच दवाखान्यात आणायचं. साखर बंद करायला सांगणारी बाईच साखर बांधून द्यायला लावते, याचं सुरुवातीला नवल वाटतं. कारण समजावून सांगितलं की बायका ते पक्कं लक्षात ठेवतात, आणि शेजारणीलाही सांगतात.

उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. शेतात काम नसतं, मोहफुलं वेचून झाली की दुपारी घरात पडून राहणं वाढतं, आणि त्यातच लग्नसराई येते. तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हे उत्तम उद्दिष्ट ठरतं. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते तिथल्या तिथे वापरतात. त्यामुळे एरवीच्या दहा मिनिटांपेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची. लग्नात बुंदी-जिलेबी येणारच. यजमानाचं मन मोडायचं नसतं. एकच जिलेबी, आणि त्या दिवशी भात निम्मा, असं आधीच ठरवून गेलेला माणूस पंगतीत सावरतो. ठरवून न गेलेला माणूस आग्रहापुढे हरतो.

मोहाच्या दारूबद्दल बोलताना मी फार सांभाळून बोलते. गोंडांच्या देवकार्यात तिला स्थान आहे, आणि बाहेरून आलेल्या सगळ्यांनी त्यावरून त्यांना आजवर पुष्कळ सुनावलेलं आहे. मी शरीरात काय घडतं तेवढंच सांगते. रिकाम्या पोटी दारू आणि शुगरची गोळी एकत्र आली तर शुगर झोपेत घसरू शकते आणि माणूस उठत नाही. कमी प्या, न प्यायलात तर सर्वांत उत्तम, पण जेवल्याशिवाय कधीच नको. एका पटेलांनी आपणहून ठरवलं होतं, की बाजारातून आधी घरी जायचं, जेवायचं, मग पुढचं पुढे. जेवण झाल्यावर बऱ्याचदा बाहेर पडावंसंच वाटत नाही, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

पायांची काळजी हा माझ्या मनाला सर्वांत जवळचा विषय आहे. जुन्या शुगरने तळपायाची जाणीव जाते. काळ्या जमिनीत अनवाणी फिरताना तोडलेल्या पऱ्हाटीचा खुंट रुततो, आणि माणसाला ते कळतही नाही. बिडी ओढणाऱ्याच्या पायाला रक्त आधीच कमी पोचतं, त्यामुळे जखम भरत नाही. यावरचं उद्दिष्ट अगदी थोड्या वेळाचं आहे. संध्याकाळी पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि तळवे कुणाला तरी दाखवायचे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे तळवे दिसत नाहीत, म्हणून हे काम मी नातवंडांकडे देते. "आज्याच्या पायात काटा दिसला तर मला फोन कर," म्हटलं की शाळकरी पोरं ते इमानाने करतात. इथून जवळच केस्लापूरला नागोबाचं ठाणं आहे. पुष्य अमावास्येच्या जत्रेआधी गोंडांच्या मेस्राम कुळातले लोक जन्नारमकडच्या हस्तिनामडुगूहून गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात. ती त्यांची श्रद्धा आहे, आणि तिच्यात बदल सुचवणं माझं काम नव्हे. शुगर असलेल्यांना मी एवढंच विनवते, की प्रत्येक मुक्कामाला पाय धुऊन एकमेकांचे तळवे पाहा, फोड दिसला तर झाका, आणि गोळ्यांची पिशवी पाण्याच्या कळशीइतकीच जपा.

बायकांचं गणित निराळं आहे. मराठी घरांत एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपवास असतात. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाणा-बटाटा. या दोन्ही टोकांनी शुगर उलटसुलट होते. उपास सोडा म्हटलं तर बाई मान हलवते आणि घरी जाऊन करतेच, फक्त मला सांगत नाही. म्हणून ठरतं ते असं, की उपासाच्या आधी सांगायचं. मग डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी कमी करायची की थांबवायची ते ठरतं, आणि साबुदाण्याऐवजी वाटीभर भगर, ताक, शेंगदाणे असं काही सुचवता येतं. दुसरी गोष्ट, बाई जेवते सगळ्यांच्या मागून, भांड्यात जे उरलं असेल ते. वरण-भाजी संपलेली असते, भात उरलेला असतो. तिचं पहिलं उद्दिष्ट कित्येकदा हेच असतं, की सगळ्यांना वाढायच्या आधी आपल्यासाठी वाटीभर भाजी झाकून ठेवायची. हे ऐकून काही जणी हसतात, काहींचे डोळे भरून येतात. ही वाटी तिला एकटीला ठेवता येत नाही, म्हणून सासूला किंवा नवऱ्याला मी त्या बोलण्यात मुद्दाम बसवते. चूल जिच्या हातात, तिच्याशिवाय ठरवलेला कोणताही बेत टिकत नाही.

गोळी विसरण्याचंही असंच. मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर पहिले काही दिवस पोट बिघडतं, आणि लोक ती सोडून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो आणि पुढे थांबतो, हे आधीच सांगावं लागतं. घड्याळाच्या वेळा इथे उपयोगाच्या नाहीत. रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या कामाला गोळी जोडावी लागते. कुणी रात्री हात धुतल्यावर घेतं, कुणी जेवणाआधीची गोळी तुळशीपुढे दिवा लावल्यावर घेतं. वाचता न येणारे लोक भिंतीवर कोळशाने रेघ ओढतात, किंवा डब्यात रोज एक सरकी टाकतात. सोमवारी डबा माझ्यासमोर पालथा करतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो तो पाहण्यासारखा असतो.

सरक्या कमी भरल्या तर मी रागावत नाही. कुठल्या दिवशी चुकलं, त्या दिवशी घरात काय होतं, एवढंच विचारते. मयत झाली असेल, पाहुणे आले असतील, पोराला ताप असेल. मग बेत तसाच ठेवायचा, लहान करायचा की बदलायचा, हे तेच ठरवतात. बेत लहान केला म्हणून कुणी हरत नाही. आठवड्याला एक गोष्ट जमलेला माणूस दुसरी गोष्ट आपणहून मागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बिडी सोडायची इच्छा चालण्याच्या बेतातून निघालेली पाहिली आहे. आपल्या हाताने काही बदलतं, हे एकदा कळलं की पुढचं पाऊल तेवढं जड जात नाही.

एवढ्याशा बदलांनी काय होणार, असं विचारणारे डॉक्टरही भेटतात. त्यांना मी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाची आठवण करून देते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना त्यांनी आहारात माफक बदल आणि रोजचं चालणं एवढंच दिलं, आणि सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसता सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. विशेष म्हणजे वजन फारसं न उतरताही हा फायदा झाला. ज्यांच्याजवळ उतरवायला वजनच नाही अशा आमच्या लोकांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

मोजमापाबाबत इथल्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. गोंड आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, आणि रक्तक्षय तर घरोघरी. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. अशा माणसाला "तुमची शुगर छान आहे" असं सांगून परत पाठवणं धोक्याचं आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची रक्तशर्करा दोन्ही पाहायला हव्यात. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यातलं कार्ड कुणाकडे असेल तर ते शुगरच्या कागदालाच जोडून ठेवावं.

आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं, की छोटी उद्दिष्टं गोळीची किंवा इन्सुलिनची जागा घेत नाहीत. लहान वयात इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही चुकता कामा नये. चालण्याने आणि भाजीने डोळ्याच्या पडद्याची तपासणीही होत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा आदिलाबादच्या रिम्सला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जायलाच हवं. रुग्णाने आपल्या वाटचा बेत पाळावा, आणि त्याच वेळी उपकेंद्रावर गोळ्या संपू नयेत, रक्त तपासायची पट्टी असावी, रेशनवर तांदळाबरोबर ज्वारी आणि डाळ मिळावी, ही जबाबदारी सरकारची आहे. गोळ्याच नाहीत आणि वर "तुम्ही पथ्य पाळत नाही" असं ऐकवायचं, हा अन्याय आहे. माणसाला त्याच्या सवयीबद्दल विचारण्याचा अधिकार आम्हाला तेव्हाच मिळतो, जेव्हा आमच्या कपाटात त्याची गोळी असते.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी शुगरचं माणूस असेल, मग ते घर आदिलाबादेत असो, नांदेडात असो की पुण्यात. त्या माणसाला रोज बंदीची यादी वाचून दाखवू नका. शेजारी बसा आणि विचारा, "या आठवड्यात तुम्हाला कोणती एक गोष्ट जमेल, आणि त्यात मी काय करू?" उत्तर लहान आलं तरी तेच धरा. जेवणानंतर तुम्हीही सोबत चाला, आईची भाजीची वाटी तुम्ही झाकून ठेवा, वडिलांचे तळवे तुम्ही पाहा, गोळ्या संपायच्या आधी तुम्ही आणून ठेवा. चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.